परदेशातली डीव्हीडी घरच्या प्लेअरवर का चालत नाही? रीजन कोड, ‘पाल’ आणि अमेरिकेत अडकलेली लग्नाची सीडी

डिस्क चांगली, प्लेअरही चांगला, तरी पडद्यावर चित्र नाही. यामागची कारणे वेगवेगळी आहेत आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा आहे.

मार्च २००९ मध्ये ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान गॉर्डन ब्राउन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा अध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना २५ गाजलेल्या अमेरिकी चित्रपटांच्या डीव्हीडींचा संच भेट दिला. ब्राउन मायदेशी परतल्यानंतर ब्रिटिश वृत्तपत्रांत बातमी आली, की या डीव्हीडी ब्रिटनमधल्या प्लेअरवर चालत नाहीत. डिस्कवर ओरखडा नव्हता, प्लेअरही बिघडलेला नव्हता. बातमीनुसार कारण एवढेच, की डिस्क अमेरिकेसाठी बनवलेल्या होत्या आणि प्लेअर ब्रिटनसाठी.

परदेशात नातेवाईक असलेल्या अनेक मराठी घरांना हा अनुभव नवा नाही. अमेरिकेहून आलेल्या मुलाने आणलेली चित्रपटाची डीव्हीडी पुण्यातल्या प्लेअरवर चालत नाही. इथून तिकडे पाठवलेली लग्नाची किंवा मुंजीची सीडी न्यू जर्सीतल्या टीव्हीवर दिसत नाही. दोन्ही वेळा ‘सीडी खराब निघाली’ असे म्हणून ती कपाटात जाते. प्रत्यक्षात या दोन घटनांची कारणे वेगळी आहेत. पहिलीत चित्रपट कंपन्यांनी मुद्दाम लावलेले कुलूप आडवे येते, दुसरीत टीव्हीच्या जन्मापासून चालत आलेला तांत्रिक फरक. कोणते कारण आपल्या वाट्याला आले आहे, हे ओळखता आले तर बहुतेक वेळा मार्ग निघतो. मात्र डीव्हीडी वाचणारी यंत्रे घरांतून आणि दुकानांतून झपाट्याने नाहीशी होत असल्याने हे काम फार लांबवून चालणार नाही.

रीजन कोड म्हणजे काय?

डीव्हीडी नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये आणि मार्च १९९७ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. त्याच वेळी जगाची सहा भौगोलिक विभागांत वाटणी करण्यात आली. अमेरिका आणि कॅनडा रीजन १ मध्ये येतात. पश्चिम व मध्य युरोप, जपान, आखाती देश, इजिप्त आणि दक्षिण आफ्रिका रीजन २ मध्ये. आग्नेय आशिया, दक्षिण कोरिया, तैवान आणि हाँगकाँग रीजन ३. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका रीजन ४. भारतीय उपखंड, रशिया आणि आफ्रिकेचा बराचसा भाग रीजन ५. चीन एकटा रीजन ६. याशिवाय रीजन ७ राखीव ठेवण्यात आला, तर रीजन ८ विमाने आणि प्रवासी जहाजांसाठी आहे.

डिस्कच्या वेष्टनावर मागच्या बाजूला पृथ्वीच्या गोलाचे छोटे चित्र आणि त्यात आकडा असतो. तोच त्या डिस्कचा रीजन. ‘ऑल’ किंवा ‘०’ असे लिहिले असेल, तर डिस्कवर कोणत्याही विभागाची बंदी नाही असा त्याचा अर्थ. रीजन ० नावाचा वेगळा विभाग अस्तित्वात नाही. बोलण्याच्या सोयीसाठी ते नाव रूढ झाले आहे.

कंपन्यांना ही वाटणी कशासाठी हवी होती?

१९९०च्या दशकात हॉलीवूडचा चित्रपट जगभर एकाच दिवशी प्रदर्शित होत नसे. चित्रपटगृहांत फिल्मची रिळे चालत. त्यांच्या प्रती महाग असत, त्यामुळे अमेरिकेत वापरून झालेल्या प्रती पुढे इतर देशांत पाठवल्या जात. अमेरिकेत डीव्हीडी दुकानात आली, तरी तोच चित्रपट युरोपात किंवा भारतात अजून थिएटरात लागायचा असे. अशा वेळी अमेरिकेतली डीव्हीडी कोणी बॅगेतून आणून घरी लावली, तर थिएटरचा प्रेक्षक कमी होणार, ही कंपन्यांची भीती होती.

दुसरे कारण किमतीचे. एकच चित्रपट वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या किमतीला विकायचा, तर स्वस्त देशातला माल महाग देशात जाता कामा नये. तिसरे कारण हक्कांचे. एकाच चित्रपटाच्या वितरणाचे हक्क देशागणिक वेगळ्या कंपन्यांकडे असतात आणि प्रत्येकीला आपला प्रदेश सुरक्षित हवा असतो. थोडक्यात, रीजन कोड ही कोणतीही तांत्रिक गरज नव्हती. ती व्यापाराची सोय होती.

भारतीय चित्रपटांचे गणित मात्र उलटे होते. हिंदी चित्रपटांच्या डीव्हीडीचा मोठा ग्राहक अमेरिका, ब्रिटन आणि आखातात राहत होता. त्यामुळे हिंदी चित्रपटांच्या बऱ्याच डीव्हीडी ‘ऑल रीजन’ म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या निघाल्या. त्यांतल्या अनेक तर अमेरिकी टीव्हीच्या पद्धतीने बनवलेल्या होत्या, कारण युरोप-आशियातले बहुतेक प्लेअर ती पद्धत स्वीकारतात. त्याआधी मराठी नाटके आणि चित्रपट घरोघरी पोहोचवणाऱ्या व्हीसीडीला तर रीजन कोड हा प्रकारच नव्हता.

प्लेअर डिस्क कशी ओळखतो?

डीव्हीडीच्या सुरुवातीच्या माहितीच्या फाइलमध्ये रीजनसाठी आठ बिट राखलेले असतात, प्रत्येक विभागासाठी एक. ज्या विभागाचा बिट ‘१’, तिथे बंदी. ज्याचा ‘०’, तिथे परवानगी. प्लेअरच्या फर्मवेअरमध्ये त्याचा स्वतःचा रीजन नोंदवलेला असतो. डिस्क आत गेली, की प्लेअर आपल्या क्रमांकाचा बिट तपासतो आणि बंदी दिसली तर चित्रपट सुरूच करत नाही. चित्र आणि आवाजाच्या माहितीशी या तपासणीचा काहीही संबंध नसतो.

मग प्लेअर बनवणाऱ्या कंपन्यांनी ही तपासणी गाळली का नाही? कारण बहुतेक व्यावसायिक डीव्हीडींवरचा मजकूर ‘सीएसएस’ नावाच्या सांकेतिक कुलपात बंद असतो. ते उघडण्याची किल्ली परवान्यावर मिळते आणि रीजन पाळण्याची अट त्या परवान्यातच आहे. हे कुलूप ४० बिटच्या किल्लीचे, म्हणजे तुलनेने कच्चे होते. १९९९ मध्ये ते उघडणारा ‘डीसीएसएस’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध झाला. त्यात सहभागी असलेला नॉर्वेचा योन लेक योहान्सन तेव्हा अवघ्या १५ वर्षांचा होता. त्याच्यावर खटला चालला. स्वतः विकत घेतलेली डिस्क लिनक्स संगणकावर पाहता यावी, हा त्याचा बचाव होता. २००३ च्या जानेवारीत कनिष्ठ न्यायालयाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले.

दरम्यान, बाजारात सर्व रीजन स्वीकारणारे ‘मल्टी-रीजन’ प्लेअरही मिळू लागले होते. काही मॉडेलमध्ये रिमोटवर ठरावीक क्रमाने बटणे दाबली, की छुपा मेनू उघडतो आणि रीजन बदलता येतो. त्यावर उतारा म्हणून २००० पासून काही अमेरिकी डिस्कवर जादा तपासणी आली. ‘आरसीई’ नावाच्या या तपासणीत डिस्कवरचा प्रोग्रॅम प्लेअरला त्याचा रीजन विचारतो आणि ‘१’ सोडून दुसरे उत्तर आले तर थांबतो. म्हणूनच ‘०’ वर ठेवलेल्या प्लेअरमध्ये एखादी अमेरिकी डिस्क अडली, तर प्लेअर ‘१’ वर केल्यावर ती चालण्याची शक्यता असते.

‘पाल’ आणि ‘एनटीएससी’ हा वेगळा मुद्दा कसा?

रीजनची परीक्षा पास झाली तरी दुसरी अडचण उरते. ती टीव्हीच्या पद्धतीची. अमेरिकेत विजेची वारंवारता ६० हर्ट्झ, तर युरोपात आणि भारतात ५० हर्ट्झ. सुरुवातीच्या टीव्हीत चित्र स्थिर राहावे यासाठी पडदा रंगवण्याचा वेग विजेच्या वारंवारतेशी जुळवून घेण्यात आला. त्यातून अमेरिकेत ५२५ रेषांची आणि सेकंदाला सुमारे ३० चित्रांची, तर युरोपात ६२५ रेषांची आणि सेकंदाला २५ चित्रांची पद्धत रुजली. पुढे रंग आले. अमेरिकेने १९५३ मध्ये ‘एनटीएससी’ ही रंगीत पद्धत स्वीकारली. पश्चिम जर्मनीतल्या टेलिफुंकेन कंपनीत वॉल्टर ब्रुख यांनी ‘पाल’ विकसित केली आणि १९६७ मध्ये ती युरोपात प्रक्षेपणात आली. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले ते कृष्णधवल. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांच्या वर्षी भारतात रंगीत टीव्ही आला, तेव्हा आपण ‘पाल’ निवडली.

डीव्हीडीवरची माहिती डिजिटल असते. त्यामुळे काटेकोरपणे पाहिले तर तिच्यात जुन्या अर्थाने ‘पाल’ किंवा ‘एनटीएससी’ रंग नसतात. पण चित्राचा आकार आणि वेग त्या जुन्या पद्धतींप्रमाणेच ठेवला गेला. ‘पाल’ डिस्कवर प्रत्येक चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे आणि सेकंदाला २५ चित्रे. ‘एनटीएससी’ डिस्कवर ७२० बाय ४८० बिंदू आणि सेकंदाला २९.९७ चित्रे. गुणाकार करून पाहिला तर गंमत दिसते. पहिल्या पद्धतीत सेकंदाला १ कोटी ३ लाख ६८ हजार बिंदू होतात आणि दुसरीत २९.९७ ऐवजी पूर्ण ३० धरले तर अगदी तेवढेच. म्हणजे एकीत तपशील जास्त आणि चित्रे कमी, दुसरीत तपशील कमी आणि चित्रे जास्त.

याचा परिणाम चित्रपटाच्या लांबीवरही होतो. थिएटरातला चित्रपट सेकंदाला २४ चित्रांनी चालतो. ‘पाल’ डिस्क करताना तो सरळ २५ च्या वेगाने पळवला जातो. त्यामुळे दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटे १२ सेकंदांत संपतो. आवाज मुद्दाम दुरुस्त केला नसेल, तर सूरही किंचित चढतो आणि काळी एकमधले गाणे पांढरी दोनच्या दिशेने सरकते. ‘एनटीएससी’मध्ये वेग बदलत नाही. तिथे एक चित्र दोनदा आणि पुढचे तीनदा, असे आलटून पालटून दाखवून २४ चा हिशेब ६० शी जुळवला जातो. संथपणे सरकणाऱ्या दृश्यांत त्यामुळे हलकासा धक्का जाणवतो.

रीजन आणि टीव्ही पद्धत एकमेकांवर अवलंबून नाहीत, हे लक्षात घेणे महत्त्वाचे. ब्रिटन आणि जपान दोघेही रीजन २ मध्ये आहेत, पण ब्रिटन ‘पाल’वाला आणि जपान ‘एनटीएससी’वाला. भारत आणि ब्रिटन दोघेही ‘पाल’वाले, पण रीजन वेगळे. भारत आणि अमेरिका यांच्यात तर दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

भारतात चालते, अमेरिकेत का नाही?

सीमा दोन्ही बाजूंनी सारखी कडक नाही. ‘पाल’ देशांतल्या कंपन्यांना अमेरिकी आणि जपानी साहित्याची सवय होती. त्यामुळे भारतात विकले गेलेले बहुतेक डीव्हीडी प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती दाखवतात. अमेरिकेत मात्र ‘पाल’ साहित्य फारसे येत नसे, म्हणून तिथल्या अनेक प्लेअरमध्ये ती सोयच दिली गेली नाही. आजचे चपटे टीव्ही एचडीएमआयने जोडले जातात. तरीही अमेरिकेसाठी बनवलेले अनेक टीव्ही ५० हर्ट्झचा सिग्नल नाकारतात.

लग्नाची सीडी अमेरिकेत अडकते ती इथे. इथल्या शूटिंगवाल्याने संगणकावर तयार केलेल्या डीव्हीडीवर सहसा रीजनची बंदी नसते आणि सीएसएसचे कुलूपही नसते. ती असते ‘पाल’. त्यामुळे तीच डिस्क लंडन, दुबई, सिंगापूर किंवा सिडनीत सहसा चालते, कारण ते सगळे ‘पाल’ देश आहेत. न्यू जर्सी, टोरांटो किंवा टोकियोत ती अडते. म्हणजे अमेरिकेतल्या नातेवाइकांनी त्यासाठी ‘रीजन-फ्री’ प्लेअर शोधण्यात अर्थ नाही. त्या प्लेअरला ‘पाल’चे ‘एनटीएससी’त रूपांतर करता येते का, हा खरा प्रश्न आहे.

अडचण कोणती, हे लक्षणांवरूनही कळते. पडद्यावर रीजनविषयी सूचना आली किंवा डिस्क न चालवताच बाहेर आली, तर संशय रीजन कोडवर घ्यावा. आवाज नीट, पण चित्र कृष्णधवल किंवा वर-खाली सरकणारे, अथवा टीव्हीवर ‘सिग्नल चालत नाही’ अशा अर्थाची सूचना, तर कारण टीव्हीची पद्धत. प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणत असेल, तर डिस्क वाचलीच गेलेली नाही. ओरखडे, जुनी झालेली डिस्क किंवा लेन्सवरची धूळ ही त्याची कारणे असू शकतात. डीव्हीडी रेकॉर्डरवर किंवा कॅमेऱ्यात थेट भरलेली डिस्क ‘फायनलाइज’ करायची राहिली असेल, तर ती मूळ यंत्राशिवाय दुसरीकडे चालत नाही.

संगणकात लावली तर?

संगणकावर टीव्ही पद्धतीचा प्रश्न जवळपास संपतो, कारण संगणकाचा पडदा दोन्ही प्रकारची चित्रे दाखवतो. रीजनचा प्रश्न मात्र राहतो. १ जानेवारी २००० पासून बनलेल्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये रीजनची नोंद ड्राइव्हच्या आतच असते. वापरणाऱ्याला ती फक्त पाच वेळा बदलता येते. पाचव्या बदलानंतर ड्राइव्ह शेवटच्या रीजनवर कायमचा अडकतो. विंडोज पुन्हा टाकले किंवा ड्राइव्ह दुसऱ्या संगणकाला जोडला, तरी हा हिशेब पुसला जात नाही. त्यामुळे अमेरिकेची डिस्क लावल्यावर ‘रीजन बदलायचा का?’ असे विचारले गेले, तर विचार न करता ‘हो’ म्हणू नये. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या माहितीत किती बदल शिल्लक आहेत ते दिसते. दोन देशांच्या डिस्क नेहमी पाहायच्या असतील, तर दोन यूएसबी ड्राइव्ह घेऊन एकेक रीजन कायम ठेवणे हा साधा आणि सरळ उपाय आहे.

व्हीएलसीसारखा मोफत प्लेअर अनेक ड्राइव्हवर रीजन न बदलताही डिस्क चालवतो. काही कंपन्यांचे ड्राइव्ह मात्र ही वाटही बंद ठेवतात.

प्लेअरच सोबत नेला तर?

जिथली डिस्क तिथलाच प्लेअर आणणे हा अनेकांनी केलेला उपाय आहे. पण इथे वीज आडवी येते. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची, भारतात २३० व्होल्टची. अमेरिकेतला प्लेअर प्लगला लावण्याआधी त्याच्या मागचे किंवा तळाचे लेबल वाचावे. ‘१००-२४० व्होल्ट’ लिहिले असेल, तर फक्त पिना बदलणारा अडॅप्टर पुरतो. नुसते ‘१२० व्होल्ट’ असेल, तर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतोच. पिनांचा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही आणि तेवढ्यावर भागवले तर प्लेअर जळतो. इथला केवळ २३० व्होल्टचा प्लेअर तिकडे नेताना उलट, म्हणजे स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. डीव्हीडी प्लेअरला वीज थोडी लागते, त्यामुळे लहान ट्रान्सफॉर्मरही पुरतो. तरी त्याची वॅटक्षमता लेबलवरच्या आकड्यापेक्षा जास्त असल्याची खात्री करावी.

कायदा काय सांगतो?

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५ अ आले. हक्कांच्या रक्षणासाठी लावलेले तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. या कलमाचा भर हेतूवर आहे. विकत घेतलेली मूळ डिस्क घरी पाहणे आणि कुलूप तोडून प्रती विकणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेचा १९९८ चा डिजिटल कॉपीराइट कायदा अधिक कडक असून, तिथे कुलूप तोडण्याची कृतीच प्रतिबंधित आहे.

ऑस्ट्रेलियाने वेगळी भूमिका घेतली. प्लेस्टेशनमध्ये बसवल्या जाणाऱ्या बदलाच्या चिपवरून तिथे सोनी कंपनीने दावा लावला होता. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सोनीविरुद्ध निकाल दिला. पुढे कायदा दुरुस्त करताना, परदेशात घेतलेल्या अस्सल चित्रपट-प्रतीला केवळ बाजार वाटून घेण्यासाठी अडवणारे तंत्र कायदेशीर संरक्षणातून वगळण्यात आले. न्यूझीलंडनेही २००८ मध्ये तसेच केले. ग्राहकाने पैसे मोजून घेतलेली वस्तू त्याला वापरता आली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

लग्नाच्या सीडीबाबत ही चिंता नाही. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन कोणाकडून चित्रफीत करून घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर तिचा पहिला मालक ती करून घेणारा असतो. शिवाय तिच्यावर तोडायला कुलूपही नसते.

ब्ल्यू-रे आणि ओटीटीच्या काळात हे संपले का?

पूर्ण नाही. २००६ मध्ये आलेल्या ब्ल्यू-रेने सहा विभागांऐवजी ए, बी आणि सी असे तीन विभाग केले. अमेरिका, जपान आणि आग्नेय आशिया ‘ए’मध्ये, युरोप, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया ‘बी’मध्ये, तर भारत, चीन आणि रशिया ‘सी’मध्ये. ब्ल्यू-रेवर चित्रपट सहसा मूळ २४ च्या वेगानेच असतो, त्यामुळे तिथे ‘पाल’-‘एनटीएससी’चा त्रास कमी झाला. २०१६ मध्ये आलेल्या ४के ब्ल्यू-रे डिस्कना तर रीजन कोडच नाही. तोवर मोठे चित्रपट जगभर एकाच सुमारास प्रदर्शित होऊ लागले होते आणि वाटणीचे मूळ कारणच विरले होते. हक्कांची वाटणी मात्र कायम आहे. ओटीटीवर एका देशात दिसणारा चित्रपट दुसऱ्या देशात दिसत नाही, ते याच कारणाने. फक्त तपासणी डिस्कवरून इंटरनेट पत्त्यावर गेली. युरोपीय संघाने एप्रिल २०१८ पासून आपल्या नागरिकांना प्रवासात मायदेशातले सशुल्क ओटीटी पाहण्याची मुभा दिली, ती संघातल्या देशांपुरती.

घरातल्या डिस्कचे आता काय करायचे?

नेटफ्लिक्सने अमेरिकेतली पोस्टाने डीव्हीडी पाठवण्याची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. नव्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी ड्राइव्ह दिसत नाही. विकत मिळणारा चित्रपट पुन्हा कुठेतरी सापडेल, पण घरच्या कार्यक्रमाची डिस्क बहुधा एकच असते. घरी किंवा स्टुडिओत भरलेल्या डीव्हीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरावर नोंदवलेली असते. ऊन, उष्णता आणि दमटपणाने तो थर खराब होतो. कारखान्यात छापलेल्या डिस्कपेक्षा ती नाजूक असते. म्हणून आधी घरच्या डिस्क हाताळाव्यात.

त्यासाठी यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह आणि संगणक पुरेसा आहे. डिस्क उघडली, की ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसतो. तो अख्खा संगणकावर कॉपी करावा, म्हणजे दर्जा जराही न घटता मूळ प्रत हाती राहते. एकपदरी डीव्हीडीवर जास्तीत जास्त ४.७ जीबी माहिती मावते, त्यामुळे ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर भरलेल्या सहा डिस्क सहज बसतात. नंतर हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅमने एमपी-४ फाइल तयार करावी. तसे करताना ‘डीइंटरलेस’ हा पर्याय निवडला, तर हालचालीत दिसणाऱ्या आडव्या रेघा जातात. चित्रांचा वेग मूळचा २५ च ठेवावा. मोबाइल, संगणक आणि आजच्या टीव्हीतले यूएसबी प्लेअर एमपी-४ फाइल ‘पाल’ की ‘एनटीएससी’ हे न विचारता चालवतात. म्हणजे पुण्यात केलेली फाइल न्यू जर्सीतही दिसते.

काही पथ्ये पाळावीत. डिस्क कडेने धरावी, मऊ कापडाने मध्यापासून बाहेरच्या दिशेने सरळ पुसावी, गोल फिरवून पुसू नये. तिच्यावर बॉलपेनने लिहू नये आणि चिकट लेबल लावू नये. तयार फाइल किमान दोन ठिकाणी ठेवावी. त्यातले एक ठिकाण दुसऱ्या घरात, शक्य असल्यास दुसऱ्या गावात असावे. फाइलच्या नावात कार्यक्रम, वर्ष आणि गाव लिहावे. फाइल नीट चालते हे सुरुवात, मध्य आणि शेवट पाहून तपासल्याशिवाय मूळ डिस्क टाकू नये.

परदेशातून घेतलेल्या चित्रपटांच्या डिस्क त्यानंतर पाहाव्यात. वेष्टनावरचा गोल आणि त्यातला आकडा, शेजारचे ‘पाल’ किंवा ‘एनटीएससी’ हे शब्द आणि प्लेअरमागचे व्होल्टचे लेबल, एवढ्या तीन गोष्टी वाचल्या की कोणती डिस्क कशावर चालेल याचा अंदाज विकत घेण्याआधीच येतो.